वाण आणि वंश : संकरित बुलडॉगांची उत्पत्ती आणि त्यांचे रंग

मराठीत ‘वाण’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. संस्कृत ‘वर्ण’पासून आलेला वाण म्हणजे अंगाचा रंग, आणि शेतकरी ज्वारीचा किंवा भाताचा वाण म्हणतो तेव्हा त्याला बियाण्याची जात, म्हणजे त्यामागचा वंश, अभिप्रेत असतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत पहिला अर्थ आहे, आणि तिच्या मुळाशी गोठ्यातले एक अचूक निरीक्षण आहे: दोन बैल वर्षानुवर्षे एका दावणीला उभे राहिले तरी एकाचा रंग दुसऱ्याला चढत नाही, कारण रंग जन्माबरोबर येतो. मात्र रंग जन्माबरोबर येतो हे मान्य केल्यावर रंगावरून जन्मही ओळखता येईल, असे मानण्याचा मोह होतो, आणि जनावरे पाळणाऱ्या सर्वच समाजांत तो आढळतो. बुलडॉगवर्गीय संकरित कुत्र्यांइतका हा मोह दुसरीकडे क्वचितच फसवा ठरत असेल. त्यांच्या बाबतीत वाणाचे दोन अर्थ एकमेकांपासून सुटे होतात, आणि ते कोठे सुटतात व कोठे पुन्हा जुळतात याचा शोध घेणे हाच प्रस्तुत ग्रंथाचा हेतू आहे.

‘बुलडॉगवर्गीय’ ही संज्ञा येथे एका जातीसाठी न वापरता एका घराण्यासाठी वापरली आहे. रुंद डोके, आखूड थोबाड, पुष्कळदा वरच्यापेक्षा पुढे आलेला खालचा जबडा, भरदार छाती आणि अंगासरशी बसलेली आखूड लव ही त्या घराण्याची लक्षणे असून इंग्लिश बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बोस्टन टेरियर, बॉक्सर, बुलमॅस्टिफ, बुल टेरियर, अमेरिकन बुलडॉग आणि यांच्या आपसांतील अथवा अन्य कुत्र्यांशी झालेल्या मिश्रणांतून जन्मलेली असंख्य कुत्री त्यात मोडतात. ‘संकर’ म्हणजे दोन भिन्न जातींच्या नर-मादीपासून झालेली संतती, ही व्याख्या वरकरणी सोपी आहे. पण ती ‘जात’ या कल्पनेवर उभी आहे आणि कुत्र्यांच्या संदर्भात जात म्हणजे निसर्गाने आखलेली सीमा नव्हे. जात म्हणजे एक नोंदवही, जिला इंग्रजीत स्टड बुक म्हणतात, आणि जिच्यात नाव असलेल्या आईबापांच्या पिल्लांनाच पुढे नाव मिळते. ही वही ज्या दिवशी बंद झाली त्या दिवसापर्यंतचे मिश्रण शुद्ध ठरले आणि त्यानंतरचे मिश्रण संकर ठरले. हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळत नाही, कारण या घराण्यातील जवळजवळ प्रत्येक ‘शुद्ध’ जात एकेकाळी उघडउघड संकर होती.

बुलडॉग हे नाव आधी कामाचे होते, जातीचे नंतर झाले. सतराव्या शतकाच्या आरंभापासून ते इंग्रजी लेखनात आढळते. वळूला दोराने खुंट्याशी जखडून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा, इंग्रजीत ‘बुल-बेटिंग’ म्हणून ओळखला जाणारा क्रूर खेळ इंग्लंडमध्ये शतकानुशतके चालत असे, आणि वळूच्या नाकाला मिठी मारून लोंबकळत राहणाऱ्या कुत्र्याला बुलडॉग म्हणत. हा कुत्रा आजच्या बुलडॉगसारखा दिसत नव्हता. एब्राहम कूपर याने रंगवलेल्या आणि १८१७ साली कोरीव ठशावरून छापल्या गेलेल्या ‘क्रिब आणि रोझा’ या प्रसिद्ध चित्रातील दोन कुत्री पाहिली की त्यांचे लांब पाय, चपळ बांधा आणि आजच्या मानाने पुष्कळच लांब थोबाड चटकन नजरेत भरते. १८३५ साली ब्रिटिश संसदेने प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारा कायदा करून वळू, अस्वल आणि कोंबडे यांच्या झुंजींवर बंदी घातली, आणि ज्या कामामुळे या कुत्र्याला नाव मिळाले होते ते काम संपले.

काम संपलेल्या जनावराचे काय होते, याचे उत्तर शेतीप्रधान समाजाला सांगावे लागत नाही. बुलडॉगही नाहीसा झाला असता. परंतु त्याचे रक्त तीन दिशांना गेले. काहींनी त्याला टेरियरशी, म्हणजे उंदीर-घुशींच्या मागे लावल्या जाणाऱ्या चपळ, लहान कुत्र्याशी जोडून ‘बुल-अँड-टेरियर’ तयार केला, जो चोरून चालणाऱ्या कुत्र्यांच्या झुंजीत आणि उंदीर मारण्याच्या पैजांत उतरवला जाई. काहींनी त्याला मॅस्टिफसारख्या अवजड राखणदार कुत्र्याशी जोडले. उरलेल्यांनी त्याला प्रदर्शनाच्या मांडवात नेले, जेथे आखूड थोबाड आणखी आखूड, रुंद छाती आणखी रुंद होत गेली. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि त्यापाठोपाठ १८७५ साली बुलडॉग क्लब आला. नोंदवही बंद होण्याचा काळ तो हाच, आणि त्याच काळात रंगाला प्रथमच लेखी नियमांत स्थान मिळाले.

पहिल्या दिशेचे दोन फाटे रंगाच्या दृष्टीने विशेष बोलके आहेत. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स याने १८६०च्या सुमारास बुल-अँड-टेरियरमध्ये पांढऱ्या इंग्लिश टेरियरचे रक्त मिसळून संपूर्ण पांढरा बुल टेरियर घडवला. रंग ही त्याच्या कुत्र्यांची मुद्रा होती आणि पांढरेपणासाठी त्याने जाणीवपूर्वक निवड केली. त्याच सुमारास अमेरिकेत नेमके उलट घडले. बोस्टन शहरात रॉबर्ट हूपर याच्याकडे ‘जज’ नावाचा कुत्रा होता, जो बुलडॉग आणि पांढरा इंग्लिश टेरियर यांचा संकर मानला जातो. तो सुमारे ३२ पौंड वजनाचा, गडद ब्रिंडल रंगाचा आणि कपाळावर पांढरी पट्टी असलेला होता. ब्रिंडल म्हणजे तांबूस किंवा पिवळसर लवेवर वाघासारखे उभे काळे पट्टे. या जजचा संबंध मॅसॅच्युसेट्समधील साउथबरो येथील एडवर्ड बर्नेट याच्या ‘जिप’ नावाच्या पांढऱ्या मादीशी झाला आणि त्यातून ‘वेल्स एफ’ हा गडद ब्रिंडल, सारख्या पांढऱ्या खुणांचा नर जन्मला. त्याची जोडी पुढे ‘टोबिन्स केट’ या सोनेरी ब्रिंडल मादीशी लागली. बोस्टन टेरियर या जातीचा वृक्ष या चार नावांपासून फुटतो, आणि अमेरिकन केनेल क्लबने तिला १८९३ साली मान्यता दिली. पांढऱ्या आईच्या पोटी ब्रिंडल पिल्लू कसे आले, हा प्रश्न त्या काळी कुतूहलाचा होता. त्याचे उत्तर मिळायला पुढचे शतक उलटावे लागले.

दुसऱ्या दिशेचे उदाहरण बुलमॅस्टिफचे. इंग्लंडमधील जमीनदारांच्या शिकारी रानांत रात्री चोरटी शिकार करणाऱ्यांना पकडण्यासाठी रखवालदारांना असा कुत्रा हवा होता, जो न भुंकता जवळ जाईल, माणसाला पाडून धरून ठेवील, पण फाडणार नाही. मॅस्टिफ संथ पडे आणि त्या काळचा बुलडॉग फार हिंस्र ठरे, म्हणून दोहोंचे मिश्रण करण्यात आले. ते प्रमाण परंपरेने ६० टक्के मॅस्टिफ आणि ४० टक्के बुलडॉग असे सांगितले जाते. हा कुत्रा ‘रखवालदाराचा रात्रीचा कुत्रा’ म्हणूनच ओळखला जाई आणि अंधारात दिसू नये म्हणून गडद ब्रिंडल रंग पसंत केला जाई. रंगाला इतके सरळ आणि प्रामाणिक कारण या घराण्याच्या इतिहासात फार थोड्या वेळा सापडते. १९२४ साली केनेल क्लबने त्याला जात म्हणून मान्यता देताना पहिल्या पिढीतील मिश्र कुत्री आणि अनेक पिढ्या बुलमॅस्टिफ-बुलमॅस्टिफ जोड्यांतूनच आलेली कुत्री यांत नोंदीपुरता भेद केला. संकराची जात कधी होते हे एका संस्थेने नियमाने ठरवल्याचा तो दाखला आहे. काम बदलले तसा रंगही बदलला. दिवसाउजेडी राखण करणाऱ्या आणि प्रदर्शनात उतरणाऱ्या बुलमॅस्टिफमध्ये काळ्या थोबाडाचा हरणाच्या रंगाचा कुत्रा पुढे लोकप्रिय झाला, आणि बुलडॉगकडून आलेला पांढरा रंग छातीवरच्या लहानशा खुणेपुरता उरला.

बॉक्सरची कथा अधिक गुंतागुंतीची असून या ग्रंथाच्या विषयाचा गाभा तिच्यात आहे. जर्मनीत रानडुक्कर आणि अस्वल धरणारा ‘बुलेनबायसर’ नावाचा कुत्रा होता, आणि त्याचे रंग हरणा व ब्रिंडल असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिक येथे त्याच्या वंशजांचा इंग्लिश बुलडॉगशी संकर करण्यात आला. त्यातला ‘टॉम’ नावाचा बुलडॉग पांढरा होता. टॉमचा मुलगा ‘फ्लॉकी’ हा जर्मन नोंदवहीत बॉक्सर म्हणून चढलेला पहिला कुत्रा; आणि फ्लॉकीची पांढरी बहीण ‘ब्लांका फॉन अँगरटोर’ हिच्या पोटी ‘मेटा फॉन डेर पॅसाज’ ही बव्हंशी पांढरी, बांडी मादी जन्मली, जिला बॉक्सर जातीची आई मानतात. पुढे पांढरी कुत्री नियमबाह्य ठरली. पण आदिमातेच्या रक्तातून आलेला रंग नियमाने पुसला जात नाही, आणि आजही पांढऱ्या पायांच्या, पांढऱ्या छातीच्या देखण्या बॉक्सर आईबापांच्या वेतात सरासरी चारांत एक पिल्लू पांढरे निघते. अनेक दशके अशी पिल्ले जन्मतःच मारली जात, आणि त्यांचा दोष एवढाच असे की आपल्या पूर्वजांपैकी कोण कोण होते हे ती उघडपणे दाखवत. हा अन्याय रंगाच्या शास्त्राच्या अज्ञानातून झाला आणि तो समजून घेण्यासाठी आता त्या शास्त्राकडेच वळले पाहिजे.

कुत्र्याच्या लवेतील सर्व रंग दोनच रंगद्रव्यांपासून होतात. पहिले युमेलॅनिन, जे मुळात काळे असते. दुसरे फिओमेलॅनिन, जे फिकट मलईपासून गडद तांबड्यापर्यंत कोणतीही छटा घेते. कोणत्या केसात, अंगाच्या कोणत्या भागात, कोणते द्रव्य उतरावे हे वेगवेगळी जनुके ठरवतात, आणि प्रत्येक जनुकाची दोन प्रतिरूपे पिल्लाला मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. जे रूप एकटे असले तरी परिणाम दाखवते ते प्रभावी आणि जे दोन्ही बाजूंनी आले तरच प्रकट होते ते अप्रभावी. या विषयाची पहिली पद्धतशीर मांडणी क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९५७ साली कुत्र्यांच्या अंगरंगांच्या आनुवंशिकतेवरील ग्रंथात केली. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेचे ते संस्थापक होते, आणि रेणूंच्या पातळीवर जनुके वाचण्याची सोय नसताना केवळ पैदाशीच्या नोंदींवरून त्यांनी उभारलेली चौकट आजही पुष्कळ अंशी टिकून आहे.

बुलडॉगवर्गीय कुत्र्यांत सर्वांत महत्त्वाचे जनुक ‘के’ या अक्षराने ओळखले जाते. त्याची तीन रूपे आहेत: पहिले सारे अंग काळे करते, दुसरे ब्रिंडल पट्टे देते, आणि तिसरे गप्प राहून ‘ए’ नावाच्या दुसऱ्या जनुकाला बोलू देते, ज्याच्या आज्ञेने कुत्रा हरणा होतो किंवा काळ्या अंगावर भुवया, गाल व पाय यांवर तांबूस ठिपके घेतो. काळे रूप ब्रिंडलवर आणि ब्रिंडल रूप गप्प रूपावर प्रभावी असते. हे ‘के’ जनुक प्रत्यक्षात रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या कुळातले आहे, हा शोध २००७ साली लागला, आणि रंगद्रव्याशी वरवर संबंध नसलेल्या प्रथिनाने काळा रंग ठरवावा हे त्या क्षेत्रातील जाणकारांनाही अनपेक्षित होते. यातून एक व्यवहारी नियम निघतो: दोन हरण्या आईबापांना ब्रिंडल पिल्लू होऊ नये, कारण ब्रिंडलचे रूप आले असते तर ते आईच्या किंवा बापाच्या अंगावर दिसलेच असते. तरीही असे पिल्लू क्वचित निघते आणि मग मालकाच्या सचोटीवर संशय घेतला जातो. खुलासा ‘ई’ या तिसऱ्या जनुकात आहे. त्याचे अप्रभावी रूप दोन्ही बाजूंनी आले तर लवेत काळे द्रव्य तयारच होत नाही, कुत्रा मलईरंगी किंवा तांबूस दिसतो आणि त्याच्याकडे ब्रिंडलचे रूप असले तरी पट्टे उमटवायला काळा रंगच नसतो. फिकट रंगाच्या अनेक फ्रेंच बुलडॉगांत असे घडते. याच ‘ई’ जनुकाचे आणखी एक रूप थोबाडावर काळा मुखवटा चढवते, आणि बॉक्सर व बुलमॅस्टिफ यांची मुद्रा त्यातूनच आली आहे.

पांढरा रंग या सर्वांहून निराळा आहे, कारण तो खरे पाहता रंगच नाही. गर्भावस्थेत रंगपेशी पाठीच्या कण्याच्या रेषेपासून निघून अंगभर पसरतात. ज्या भागापर्यंत त्या पोहोचत नाहीत तो भाग पांढरा राहतो, म्हणून छाती, पंजे, शेपटीचे टोक आणि कपाळ येथे पांढऱ्या खुणा अधिक आढळतात. २००७ साली मोजक्या पांढऱ्या आणि रंगीत बॉक्सरांच्या जनुकसंचांची तुलना करून हा पांढरेपणा ‘एमआयटीएफ’ नावाच्या जनुकाशी जोडलेला असल्याचे दाखवण्यात आले. त्याचे एक प्रतिरूप असले तर पांढऱ्या खुणा मोठ्या होतात आणि दोन असली तर बॉक्सर जवळजवळ सर्वांगाने पांढरा होतो. चारांत एक पांढरे पिल्लू का निघते, याचे हेच कारण. आतल्या कानातही रंगपेशींची गरज असते, त्यामुळे काही पांढरी कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निपजतात. येथेच बोस्टनच्या ‘जिप’ या मादीचे कोडे सुटते. पांढऱ्या कुत्र्याच्या जनुकांतही ब्रिंडल, हरणा किंवा काळा यांपैकी काही ना काही असतेच; पांढरा हा त्यावरचा पडदा असतो. जज ब्रिंडल होता, ब्रिंडल हरण्यावर प्रभावी आहे आणि पडद्याचे एकच रूप पिल्लाकडे आले तर तो पुरता झाकत नाही, म्हणून एफ आपल्या बापासारखा गडद पट्ट्यांचा आणि आईच्या स्मृतीच्या पांढऱ्या खुणांचा झाला.

उरलेली जनुके रंग बदलण्याऐवजी तो पातळ करतात किंवा विस्कटतात. ‘डी’ जनुकाचे अप्रभावी रूप दुहेरी आले की काळा रंग राखाडी होतो, ज्याला कुत्र्यांच्या बाजारात ब्लू म्हणतात. ‘बी’ जनुकाने काळा रंग तपकिरी होतो आणि त्याबरोबर नाकही. जुन्या इंग्रजी नियमांत अशा तपकिरी नाकाच्या बुलडॉगला ‘डडली’ म्हणत आणि तो अमान्य ठरवत. फ्रेंच बुलडॉगांतील चॉकलेटी रंगाचे एक कारण मात्र ‘बी’ जनुकात नसून एका निराळ्याच जनुकात आहे, हे २०२० साली स्पष्ट झाले, आणि त्या रंगाला आता ‘कोको’ हे वेगळे नाव आहे. सर्वांत वादग्रस्त ठरलेला ‘मर्ल’ हा नमुना ठिकठिकाणी काळा रंग फिका करून संगमरवरासारखी नक्षी उठवतो. तो प्रभावी आहे. पण त्याची दोन प्रतिरूपे एकत्र आली तर पिल्लू बहिरे, आंधळे किंवा डोळ्यांची वाढच न झालेले असे जन्मू शकते. मर्ल केवळ काळ्या द्रव्यावर काम करतो, त्यामुळे मलईरंगी कुत्र्यात तो संपूर्ण लपतो. आणि अशा लपलेल्या मर्लची जोडी उघड मर्लशी लागली तर चारांतल्या एका पिल्लावर हे संकट येते. पैदास करणाऱ्याने जनुकचाचणी न करता अशी जोडी लावणे अक्षम्य आहे, हे येथे स्पष्ट शब्दांत नोंदवले पाहिजे.

एवढ्या माहितीवरून रंग वंशाचा साक्षीदार म्हणून कितपत विश्वासार्ह आहे, हे ठरवता येते. तो एका प्रकारची साक्ष उत्तम देतो आणि दुसऱ्या प्रकारची मुळीच देत नाही. जे रूप एखाद्या जातीत अस्तित्वातच नाही ते दिसले तर बाहेरचे रक्त आले हे निश्चित. बॉक्सरमध्ये ‘के’ जनुकाचे काळे रूप नाही. ‘काळा’ म्हणून विकला जाणारा बॉक्सर एकतर पट्टे दाटून जवळजवळ काळा झालेला ब्रिंडल असतो, नाहीतर संकर असतो. मर्लही बुलडॉग घराण्याच्या जुन्या जातींत नव्हता; मर्ल फ्रेंच बुलडॉग म्हणजे मागे कोठेतरी दुसऱ्या जातीचा पूर्वज, मग कागद काहीही सांगोत. याउलट राखाडी रंगाचे रूप फार जुने असून कितीतरी जातींत विखुरलेले आहे, म्हणून एकट्या राखाडी रंगावरून कोणताच निष्कर्ष निघत नाही. ब्रिंडल किंवा हरणा रंग पाहून ‘यात बॉक्सर आहे’ असे म्हणण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण ते रंग साऱ्या घराण्याचे आणि त्याबाहेरच्याही अनेक कुत्र्यांचे आहेत.

अंगाची ठेवणही रंगाच्या बरोबरीने वारशात येत नाही. बार हार्बर येथेच जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बसेंजी व कॉकर स्पॅनियल या दोन जातींचा संकर अनेक पिढ्या अभ्यासून १९६५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा दुसऱ्या पिढीतील बरीच कुत्री दोन्ही मूळ जातींसारखी न दिसता तिसऱ्याच कुठल्या जातीची वाटत. उलट दिशेचा दाखला ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ ब्रूस कॅटॅनॅक यांनी दिला. जन्मतः आखूड शेपटीचे बॉक्सर मिळवण्यासाठी त्यांनी १९९०च्या दशकात बॉक्सरचा संकर वेल्श कॉर्गीशी केला आणि प्रत्येक पिढीत पुन्हा बॉक्सरशीच जोडी लावली. काही थोड्या पिढ्यांत कॉर्गीच्या ठेंगण्या पायांची खूणही उरली नाही आणि केनेल क्लबने त्या वंशाला बॉक्सर म्हणून नोंदवले. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरियर यांची पिळलेली आखूड शेपटी एका सामाईक जनुकदोषामुळे येते हे २०१८ साली दाखवण्यात आले. ते रूप अप्रभावी असल्याने पहिल्याच संकरात पिल्लांना बहुधा लांब शेपटी मिळते आणि पाहणाऱ्याला त्यांच्यात बुलडॉग ओळखूच येत नाही.

ही चर्चा भारतीय वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने परिपत्रक काढून अमेरिकन बुलडॉगसह २३ प्रकारची कुत्री हिंस्र ठरवली, त्यांची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास राज्यांना सांगितले आणि त्यांच्या संकरांनाही तोच नियम लावला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली येथील उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केले. कायद्याची बाजू काहीही असली तरी ‘आणि त्यांचे संकर’ या तीन शब्दांचा अंमल करताना पुण्या-मुंबईतल्या एखाद्या पशुवैद्याने किंवा महापालिकेच्या कर्मचाऱ्याने समोरच्या रुंद डोक्याच्या पट्टेरी कुत्र्याचे पूर्वज कसे ओळखावेत, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेत व्हिक्टोरिया वॉइथ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली निवारागृहांतून दत्तक गेलेल्या २० मिश्र कुत्र्यांची जनुकचाचणी केली, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत नजरेने सांगितलेली जात आणि चाचणीतली प्रमुख जात जुळली नाही. नजर चुकते, आणि या कुत्र्यांच्या बाबतीत तिची चूक त्यांच्या जिवावर बेतू शकते.

संकराकडे पाहण्याची दृष्टी गेल्या अर्धशतकात मात्र बदलली आहे. प्रदर्शनाच्या बुलडॉगचे थोबाड इतके आखूड झाले की श्वास घेणे, अंग थंड ठेवणे आणि नैसर्गिक रीतीने विणे ही साधी कामेही त्याला जड जाऊ लागली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचा डेव्हिड लेव्हिट याने १९७१ साली जुन्या बांध्याचा निरोगी बुलडॉग पुन्हा घडवण्याचे ठरवले. गुरांच्या पैदाशीसाठी आखलेली योजना त्याने वापरली आणि निम्मा इंग्लिश बुलडॉग व प्रत्येकी एक षष्ठांश बुलमॅस्टिफ, अमेरिकन पिट बुल टेरियर आणि अमेरिकन बुलडॉग असे प्रमाण ठरवून ‘ओल्ड इंग्लिश बुलडॉग’ तयार केला. स्वित्झर्लंडमध्ये इमेल्डा अँगेर्न यांनी इंग्लिश बुलडॉग आणि ओल्ड इंग्लिश बुलडॉग यांच्या संकरातून ‘कॉन्टिनेंटल बुलडॉग’ उभा केला. २०१६ साली नील्स पेडरसन आणि सहकाऱ्यांनी इंग्लिश बुलडॉगमधील जनुकीय विविधता इतकी घटल्याचे दाखवले की जातीच्या आतूनच सुधारणा होईल का, याची शंका निर्माण झाली. नॉर्वेत ऑस्लो येथील न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये बुलडॉगच्या पैदाशीला मनाई केली. अपील न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बुलडॉगपुरता तो निर्णय फिरवला, तरी संकर हा उपाय यापुढे चर्चेबाहेर ठेवता येणार नाही, हे त्या खटल्याने सर्वांसमोर आणले. लेव्हिट आणि अँगेर्न यांनी जोड्या निवडताना श्वास, सांधे आणि स्वभाव पाहिले. बाजाराने निवडलेला मार्ग मात्र वेगळा आहे. २०२२च्या नोंदणीत फ्रेंच बुलडॉगने अमेरिकेत लॅब्राडॉरला मागे टाकून पहिले स्थान मिळवले, आणि त्या लोकप्रियतेबरोबर मर्ल, ब्लू, लायलॅक अशा ‘दुर्मीळ’ रंगांची वाढीव किंमत आली. त्या रंगांसाठी केलेल्या संकरात थोबाड तसेच आखूड राहते, श्वास तसाच घुसमटतो, आणि नवे रक्त येऊनही त्याचा लाभ पिल्लाच्या वाट्याला येत नाही. संकराला दोष देताना कोणता संकर, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे, असे या ग्रंथाचे आग्रहपूर्वक म्हणणे आहे.

शेवटी परिभाषेविषयी. गुराढोरांच्या रंगांसाठी मराठीकडे मोठी शब्दसंपत्ती आहे आणि तिचा येथे शक्य तेथे उपयोग केला आहे. ‘फॉन’साठी हरणा, मोठ्या पांढऱ्या डागांच्या कुत्र्यासाठी बांडा आणि विरळ ठिपक्यांसाठी कवडा हे शब्द पशुपालकांच्या तोंडचे असून इंग्रजी संज्ञांपेक्षा नेमके आहेत. ‘ब्रिंडल’ मात्र तसाच ठेवला आहे. पट्टेरी हा शब्द जवळचा असला तरी त्यात आडवे, उभे, रुंद, अरुंद असे सर्वच पट्टे येतात, आणि पट्टे दाटून काळा दिसणारा कुत्रा त्या शब्दाने डोळ्यांसमोर येत नाही. ‘ब्लू’ हा बाजारातला शब्द केवळ जाहिरातींच्या संदर्भात वापरला असून रंगाचे वर्णन करताना सर्वत्र राखाडी असेच लिहिले आहे. ‘शुद्ध’ हे विशेषण ज्या ज्या ठिकाणी आले आहे तेथे त्याचा अर्थ नोंदवहीत नाव असलेला, एवढाच घ्यावा. आणि ‘वाण’ हा शब्द, या प्रस्तावनेनंतर, केवळ रंगाच्या अर्थी वाचावा.